एक वाटी वाल आणि दहा मिनिटं

पहाटे साडेपाचला ईपीचा, म्हणजे एक्झिक्युटिव्ह प्रोड्यूसरचा, फोन आला. "ताई, आजचा एपिसोड आजच जायचाय." मी "बरं" म्हटलं आणि पुन्हा झोपायचा प्रयत्न केला. अर्थातच झोप लागली नाही.

मी टीव्ही मालिका दिग्दर्शित करते, आणि आमच्या धंद्यात याला ‘बँक संपली’ म्हणतात. शूट आणि एडिट होऊन तयार पडलेले भाग म्हणजे बँक. मालिका सुरू होते तेव्हा शिल्लक बरी असते. मग कुणाला डेंग्यू होतो, कुणाचं लग्न निघतं, चॅनेल आयत्या वेळी कथेचा ट्रॅक फिरवायला सांगतं. त्या ऑगस्टमध्ये आम्ही पार खडखडाटावर आलो होतो. रात्री साडेनऊचा स्लॉट, आणि आठच्या आत फाइल मुंबईला पोचलीच पाहिजे. एका भागात 22 मिनिटांचा ऐवज लागतो. सेकंदाला 25 फ्रेम्स धरल्या तर 33,000 फ्रेम्स होतात. हा हिशेब मी पहिल्यांदा केला तेव्हा सहाय्यक होते आणि मला त्याचं कौतुक वाटलं होतं. आता रोज संध्याकाळी किती फ्रेम्स कमी पडतायत तेवढंच बघते.

बहुतेक मालिका मढ, घोडबंदर, नाहीतर सातारा-कोल्हापूरकडे शूट होतात. आमच्या निर्मात्यांना ‘खरा वाडा’ हवा होता, म्हणून आम्ही पुण्यात, कसब्यात. खरा वाडा म्हणजे खऱ्या अडचणी. बोळात जनरेटरची गाडी शिरत नाही, म्हणून केबल रस्त्यापासून ओढत आणायची. कडीपाटाला लाइट टांगायचा नाही, अशी मालकांची अट. आणि मागच्या दोन खोल्यांत वाड्याच्या आजी राहतात, त्यांचा कुकर आमच्या ‘रोल साउंड’ची वाट बघत नाही.

दुपारी साडेतीनला शेवटचा सीन व्हॉट्सअ‍ॅपवर आला. चार पानं. वाडा बिल्डरला द्यायचा ठरलाय आणि मालिकेतली आजी सुनेला आपलं मन सांगते. ही आजी करणाऱ्या बाईंना युनिट काकू म्हणतं. चौऱ्याहत्तर वर्षांच्या, उभा जन्म रंगभूमीवर गेलेला. कागद रात्री हातात मिळाला तर सकाळी स्वल्पविरामासकट पाठ. दोन तासांत चार पानं मात्र त्यांना शक्य नव्हती, कुणालाच नसती. अशा वेळी आमच्याकडे प्रॉम्प्टिंग चालतं. सहाय्यक कॅमेऱ्याशेजारी उभा राहून वाक्य वाचतो, नट ते म्हणतो, सहाय्यकाचा आवाज एडिटर नंतर उडवतो. काकूंनी दोन वाक्यं तशी केली आणि थांबल्या.

"अगं, नाटकात प्रॉम्प्टर असतो, पण तो मी चुकले की बोलतो. इथे आधी तो बोलतो आणि मग मी. मग सीन कुणाचा?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं. सव्वापाच वाजले होते.

त्यात सीनला हातात काम हवं होतं. ‘आजी भाजी निवडत बसली आहे’ असं लिहिलेलं. आर्टच्या मुलांनी सकाळी आणलेली मेथी तीन सीनमध्ये निवडून संपली होती. मंडईत जाऊन यायला वेळ नाही. तेव्हा वाड्याच्या आजींनी आपली वाटी पुढे केली. कडवे वाल, मोड आलेले, कोमट पाण्यात टाकलेले. दुसऱ्या दिवशी त्यांच्याकडे डाळिंब्यांची उसळ होती. "सोलून परत द्या. आणि मोजून घेईन," असंही सांगितलं.

वाल बघून माझी कंटिन्युइटीची मुलगी रडायच्या बेतात. तिचं बरोबरच होतं. चार पानांचा सीन तोडून तोडून घ्यायचा, प्रत्येक रीटेकला सोललेल्या डाळिंब्यांचा ढीग वाढत जाणार, आणि एकदा सोललेला वाल काही परत सालीत घालता येत नाही. मेथी बदलता येते, वाटी एकच होती.

सहाला नदीपात्रातून ढोल सुरू झाले. गणपतीला बारा-तेरा दिवस उरले होते, पथकांच्या तालमी जोरात. आमच्या साउंडवाल्या दादांनी हेडफोन काढून गळ्यात टाकला. "मॅम, हे निघणार नाही." ताशा एक वेळ दाबता येतो, ढोलाचा ठोका भिंतीतून, जमिनीतून, लेपल माइकच्या तारेतून येतो.

प्रभात कंपनी 1933 साली कोल्हापूरहून पुण्याला आली. तिच्याच स्टुडिओच्या आवारात 1960 पासून फिल्म इन्स्टिट्यूट आहे. तिथे मी टीव्ही दिग्दर्शनाचा एका वर्षाचा कोर्स केला. तिथे पहिल्यांदा समजलं की ‘संत तुकाराम’चे दोन दिग्दर्शक, दामले आणि फत्तेलाल, प्रभातमध्ये एक ध्वनीचं खातं सांभाळायचे आणि दुसरे कलादिग्दर्शन. वीस वर्षांची होते, मनात म्हटलं, मग यातला खरा दिग्दर्शक कोण? त्या संध्याकाळी एका बाजूला ढोल आणि दुसऱ्या बाजूला वाटीभर वाल अशा पेचात बसल्यावर तो प्रश्न किती बावळट होता ते समजलं.

प्रॉडक्शनच्या मुलाला पथकाकडे पिटाळलं. तो धापा टाकत परत आला. "दहा मिनिटं देतो म्हणाले. घड्याळ लावून. आणि त्यांच्या प्रमुखाची आई आपली मालिका बघते. सुनेला एवढं छळू नका, असा निरोप आहे."

मी काकूंच्या शेजारी ओसरीवर बसले. पानं उलटी करून बाजूला ठेवली आणि विचारलं, "काकू, या चार पानांत आजीला म्हणायचंय तरी काय?"

त्यांनी थोडा विचार केला. "वाडा द्या. पण मला विचारल्यासारखं करू नका."

हे वाक्य चार पानांत कुठेच नव्हतं. लेखकाला फोन करायला वेळ नव्हता (नंतर केला, तो दोन दिवस माझ्याशी बोलला नाही, आणि त्याचंही चूक नव्हतं). मी एवढंच सांगितलं, "वाल सोला. वाटेल तेव्हा हे एक वाक्य म्हणा." एक कॅमेरा खांबाआडून काकूंवर, 85ची लेन्स. दुसरा, काही फसलंच तर असावा म्हणून, सुनेवर.

ढोल थांबले. कान बधिर झाल्यासारखी शांतता. रोल, स्पीड, अ‍ॅक्शन.

काकू वाल चिमटीत धरत, अंगठ्यानं जरा दाबत, आणि साल फाटून डाळिंबी टप्‌कन ताटलीत पडे. पोपटी, टोकाला पांढरा मोड. साल डाव्या हाताला जमिनीवर. पुन्हा वाल. सुनेची भूमिका करणारी मुलगी गोंधळली होती, तिला पुढचं काही माहीत नव्हतं. ती नुसती बघत राहिली आणि तेच हवं होतं. मग एक वाल दबेना. गणंग निघाला. काकूंनी तो बोटांत फिरवला, नख लावून पाहिलं, आणि त्या वालाकडेच बघत ते वाक्य म्हणाल्या. अगदी सहज, दूधवाल्याला उद्या अर्धा लिटर जास्त टाक म्हणावं तसं. गणंग उंबऱ्याकडेला वेगळा ठेवला आणि पुढचा वाल घेतला. मी ‘कट’ म्हणायला विसरले. वाटी संपली, तशी त्यांनी जमिनीवरची सालं पदरात गोळा केली आणि उठून फ्रेमबाहेर गेल्या.

3 मिनिटं 40 सेकंद. साउंडवाल्या दादांनी अंगठा वर केला. नदीवर ढोल पुन्हा सुरू झाले.

यापुढचं नेहमीचंच आहे, म्हणून थोडक्यात. वाड्याच्या माडीवर एडिटर बसायचा. साडेसातला मुंबईहून चॅनेलच्या क्रिएटिव्ह टीमचा फोन. "ताई, चार मिनिटं बाई वाल सोलतीये? लोक चॅनेल बदलतील ना." मी भांडले, पण घड्याळ त्यांच्या बाजूनं होतं. शेवटी वाक्याच्या आधी आजोबांचा फ्लॅशबॅक घुसला, खाली सतार. वाक्य संपताच सुनेचा रडवेला क्लोज, आणि तिथेच सीन संपला. कमी पडलेला वेळ ‘मागील भागात’ लांबवून भरला. सात अठ्ठावन्नला फाइल गेली. पुढच्या गुरुवारी रेटिंग आलं, ते होतं तिथेच. ना वर, ना खाली. मला राग यायचा तो तेव्हा आला. निदान पडलं असतं तरी चाललं असतं.

घरच्या कार्यात मला अजून विचारतात, "मग, पिक्चर कधी?" मी "बघू" म्हणते.

दुसऱ्या दिवशी लंच ब्रेकला वाड्याच्या आजी वाडगाभर उसळ घेऊन आल्या, काकूंसाठी. रात्री त्यांनी भाग बघितला होता.

"सोलता येतात हो तुम्हाला," त्या काकूंना म्हणाल्या, "पण सालं तशीच टाकून रडत बसलात होय दोघी? मी सकाळी बघितलं तर ओसरी स्वच्छ."

काकूंनी माझ्याकडे बघितलं. कॅमेऱ्याची कार्डं तोवर फॉरमॅट होऊन पुसली गेली होती, पण पूर्ण टेक मी रात्रीच पेनड्राइव्हवर घेतला होता. लॅपटॉप आणला, तिघी पायरीवर बसलो आणि आजींना शेवटचा अर्धा मिनिट दाखवला.

"हां," त्या म्हणाल्या. "आणि तो गणंग कुठे गेला?"