कोंबडीचं हाफ तिकीट आणि प्रकाशक शोधायची दोन वर्षं

मागच्या आठवड्यात एका मैत्रिणीचा मेसेज आला, तिने लहान मुलांसाठी गोष्ट लिहिलीय आणि कुठूनतरी फोन आलाय की तुमचं पुस्तक आम्ही काढतो, फक्त पॅकेज घ्या, तर घेऊ का? मी मेसेजला उत्तर न देता सरळ फोनच लावला आणि पाऊण तास बोलत बसले, आणि नंतर वाटलं हे सगळं एकदा लिहूनच ठेवावं कारण हा प्रश्न मला आता दर दोन महिन्यांनी कोणीतरी विचारतंच.

माझी गोष्ट तशी साधी आहे. आजी पाटणहून साताऱ्याला आमच्याकडे एसटीने यायची तेव्हा एकदा पिशवीत कोंबडी घालून आणली होती, पिशवीतून फक्त तिची मान बाहेर, आणि कंडक्टर म्हणाला आजी हिचं पण तिकीट लागेल. आजी म्हणाली मग हाफ द्या, लहान आहे अजून. हे आमच्या घरात इतक्या वेळा सांगून झालंय की मला कधीतरी ते लिहावं लागणारच होतं. लिहिलं, मस्त एकोणीसशे शब्द झाले, टाइप केलं आणि जे जे प्रकाशक गुगलवर दिसले त्या सगळ्यांना एकच मेल पाठवून दिला. अकरा जणांना. उत्तर आलं एकाचं, तेही तासाभरात, फोनवरच. ५८ हजार रुपये, ३०० प्रती, चित्रं डिझाइन सगळं त्यात, आणि वरून आयएसबीएनचे, म्हणजे पुस्तकाच्या मागे छापतात त्या ओळख-क्रमांकाचे, पाच हजार वेगळे.

मी पैसे भरणारच होते. खरंच. बोलणारा माणूस इतकं गोड बोलला, गोष्ट वाचून डोळ्यात पाणी आलं म्हणाला, आणि कुणीतरी आपलं लिहिलेलं वाचलं याचंच मला एवढं अप्रूप होतं की बाकीचं काही सुचेना. थांबवलं ते आमच्या ओळखीच्या एका पुस्तक विक्रेत्या काकांनी. ते एवढंच म्हणाले, "ताई, ३०० पुस्तकं ठेवणार कुठं? आणि विकणार कोण?" मग चौकशी केल्यावर कळलं की आपल्याकडे आयएसबीएन फुकट मिळतो, राजा राममोहन रॉय यांच्या नावाची केंद्र सरकारची एजन्सी आहे, ऑनलाइन अर्ज करायचा आणि नंबर घ्यायचा, एक रुपया लागत नाही. ज्या गोष्टीला पैसेच लागत नाहीत तिचे जो पाच हजार मागतो त्याच्या बाकीच्या बिलावर तरी विश्वास कसा ठेवायचा?

तर पुढचे सहा महिने मी कुणालाच काही पाठवलं नाही. दर शनिवारी वाचनालयात बालविभागात जाऊन बसायचे आणि वही काढून लिहायचे, पुस्तक कुणी काढलंय, पानं किती, एका पानावर शब्द किती, किंमत काय, चित्रकार कोण. हे काम कुणी सांगत नाही पण सगळ्यात जास्त उपयोग याचाच झाला. ज्योत्स्ना प्रकाशनाची चित्रपुस्तकं, लेखिका-चित्रकार माधुरी पुरंदरेंची तर सगळीच, मग बंगळूरच्या प्रथम बुक्सची, चेन्नईच्या तूलिकाची, नॅशनल बुक ट्रस्टच्या नेहरू बाल पुस्तकालयातली जुनी पातळ पुस्तकं. तूलिका आणि प्रथम एकच पुस्तक बऱ्याच भाषांत काढतात, म्हणजे त्यांना अशी गोष्ट लागते जी तमिळमध्ये पण चालेल. माझ्या आजीचं अर्धं बोलणं तिथं गळून गेलं असतं. प्रत्येक प्रकाशकाचं घर वेगळं असतं हो, आणि आपण सगळीकडे एकच डबा घेऊन जातो!

आणि मुख्य म्हणजे कळलं की एकोणीसशे शब्दांचं चित्रपुस्तक नसतंच. माझ्या हातात जी पुस्तकं होती ती बहुतेक १६ नाहीतर २४ पानांची, कारण छापताना मोठ्या कागदावर आठ किंवा सोळा पानं एकदम छापतात आणि मग घडी घालून कापतात, त्यामुळे पानं आठच्या पटीत ठेवणं परवडतं. मग मी ए-फोरचे सहा कागद मधोमध दुमडले, स्टेपल मारला, झाली २४ पानांची डमी. आत पेन्सिलीने काड्यांची माणसं आणि चिकटवलेला मजकूर. गोष्ट ६५० शब्दांवर आणायला तीन आठवडे लागले. जिथं जिथं मी "आजीला राग आला" लिहिलं होतं ते सगळं काढलं, ते चित्रात दिसणार होतं ना.

ही डमी घेऊन जिल्हा परिषदेच्या शाळेत दुसरीच्या वर्गात गेले, बाईंनी तास दिला. कंडक्टर पिशवीकडे वाकून बघतो हे डाव्या पानावर होतं आणि कोंबडी बाहेर येते ते उजव्या पानावर. मुलांनी उजवं पान आधीच बघून टाकलं, कंडक्टरकडे कुणाचं लक्षच नाही. घरी येऊन कोंबडी पुढच्या पानावर ढकलली, परत गेले. या वेळी कंडक्टर वाकला आणि वर्ग एकदम चूप. पुढं बसलेला एक मुलगा उठला, म्हणाला "थांबा, पान मी उलटतो." त्या दिवशी मला वाटलं, आता पाठवायला हरकत नाही.

या वेळी तीनच ठिकाणी पाठवलं, पानांप्रमाणे तोडलेला मजकूर, अर्ध्या पानाचं पत्र, डमीचे फोटो, आणि तुमचं अमुक पुस्तक वाचून तुमच्याकडे पाठवतेय असं खरं कारण. चित्रकार शोधून पाठवायची गरज नाही, चांगले प्रकाशक तो स्वतः ठरवतात. चार महिन्यांनी पुण्याच्या एका छोट्या प्रकाशनातून फोन आला, गोष्ट आवडली पण धाडस होत नाही. मी विचारलं का, तर त्या बाईंनी मला अगदी कागद घेऊन हिशोब सांगितला. पुस्तक समजा १०० रुपयांचं. त्यातले ४०-५० विक्रेता आणि वितरकाकडे जातात. रॉयल्टी साधारण १०, ती लेखक आणि चित्रकारात वाटायची. उरलेल्यात छपाई, कागद, चित्रकाराचा ॲडव्हान्स, गोडाऊन. रंगीत छपाईला चार रंगांच्या चार प्लेटा लागतात आणि त्यांचा खर्च ५०० प्रती काढा नाहीतर २००० काढा, तेवढाच. म्हणजे कमी छापलं तर एक प्रत महाग पडते आणि जास्त छापलं तर पडून राहायची भीती. कादंबरीला हे दुखणं इतकं नसतं, मुलांच्या पुस्तकाला असतं आणि तरी मुलांचं पुस्तक स्वस्तच हवं असतं सगळ्यांना.

तेव्हा डोक्यात प्रकाश पडला की पैसे लागतात हे खरं, पण ते कशाला लागतात ते आपण चुकीचं समजतो. या प्रकाशनाला माझ्याकडून ५८ हजारांसारखे पैसे नको होते, त्यांना आधीच ठरलेलं गिऱ्हाईक हवं होतं. मराठीत प्रकाशनपूर्व सवलत ही किती जुनी पद्धत आहे, आमच्या वडिलांनी कितीतरी ग्रंथ असे आगाऊ पैसे भरून घेतलेत. मी आमच्या दहावीच्या बॅचच्या ग्रुपवर लिहिलं की मला देणगी नकोय, प्रत्येकाने आपल्या गावच्या शाळेसाठी पाच प्रती घ्यायच्या, पैसे प्रकाशकाच्या खात्यात, पावती तुम्हाला, पुस्तकं शाळेत. आठ दिवसांत ४१ जणांनी नावं दिली, दोघं तर दुबईहून. २०५ प्रती! त्या बाईंना आकडा सांगितला तर त्या फोनवर थोडा वेळ काही बोलल्याच नाहीत.

हे सगळ्यांना जमेलच असं नाही, मग बाकीचे रस्ते पण सांगते. पहिलंच पुस्तक असेल तर महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाची नवलेखक अनुदान योजना आहे, बालवाङ्मय त्यात येतं, जाहिरात निघाली की हस्तलिखित पाठवायचं. टाटा ट्रस्टचा पराग उपक्रम बालसाहित्याला मदत करतो पण तिथं पैसा बहुतेक प्रकाशक आणि संस्थांमार्फत येतो, आपण एकट्याने अर्ज टाकून काही होत नाही. बालभारतीचं किशोर मासिक १९७१ पासून चालू आहे, वयम् आहे, चिकूपिकू आहे, तिथं गोष्टी पाठवत राहा, मुलं वाचतात आणि संपादक तुम्हाला ओळखायला लागतात. प्रथमच्या स्टोरीवीव्हर या वेबसाइटवर (२०१५ पासून आहे) कुणीही गोष्ट टाकू शकतं, पण ते ओपन लायसन्स असतं, तुमचं नाव देऊन कुणीही ती छापू शकतं, विकू पण शकतं, आणि नंतर ते परत घेता येत नाही. मी दोन गोष्टी आनंदाने टाकल्यात तिथं. आजीची नाही टाकली.

आणि करार. प्लीज करार वाचा. त्या पुण्याच्या प्रकाशनाबरोबरच्या माझ्या करारात मुदतीची जागा कोरी होती, मी तशीच सही करणार होते. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात आहे की हक्क देताना मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षं धरतात आणि प्रदेश लिहिला नसेल तर भारतापुरता. म्हणजे कायदा आपल्या बाजूने आहे, पण "सर्व हक्क कायमस्वरूपी" असं छापलेलं असेल आणि आपण सही केली तर मग गेलं. माझ्यात आता सात वर्षं लिहिलंय, मराठीपुरतंच, भाषांतराचे हक्क माझ्याकडे.

काल रात्री चित्रकाराने पहिलं रंगीत चित्र व्हॉट्सॲपवर पाठवलं. तो मुंबईचा मुलगा, त्याने कोंबडी पांढरीशुभ्र काढली होती, पोल्ट्रीतली. मी त्याला म्हटलं अरे ही आजीची नाही, आणि पाटणच्या काकूकडून फोटो मागवला, तांबूस, मानेला पिसं कमी, एक डोळा कायम बारीक केलेला. पहाटे दीड वाजता त्याने परत काढून पाठवली. पिशवीचा एक बंद आजीने मनगटाला गुंडाळलाय आणि दुसऱ्या बंदातून ती मान, कंडक्टरच्या हातातल्या तिकिटाच्या मशीनकडे बघत. आईला दाखवलं तर ती फोन हातात घेऊन बराच वेळ बसली आणि म्हणाली, पिशवी निळी होती ग. आत्ता त्याला तेच कळवते.