नाकातलं शिसं

स्वयंपाकघरातला छोटा डिजिटल वजनकाटा आमच्या घरात दोनदा घ्यावा लागला. पहिला माझ्या टेबलावर आला तो परत गेलाच नाही. बाल्साच्या हलक्या लाकडाच्या पट्ट्या, वायरी, गोंदाचे थेंब जोखता जोखता त्याची बटणं इपॉक्सीने चिकट झाली. दुसरा काटा आला तेव्हा "याला हात लावायचा नाही" अशी समज मला मिळाली. एका ग्रॅमसाठी हा माणूस एवढा आटापिटा का करतो, ते घरात कुणालाच कळत नाही. त्यातून मी बनवतो त्या रेडिओने चालणाऱ्या छोट्या विमानाला मोटारच नाही म्हटल्यावर तर सगळेच हात टेकतात. "मग ते उडतं कसं?" पाहुणे विचारतात. खरं सांगायचं तर ते उडत नाही, सावकाश पडतं. चांगला ग्लायडर स्थिर हवेत सेकंदाला जेमतेम अर्धा मीटर खाली येतो. रबराची दोरी ताणून त्याला 60 मीटरवर नेऊन सोडला, की पुढची दोन मिनिटं आपली. त्या पडण्याला जमेल तेवढा उशीर लावायचा, एवढाच हा छंद.

माझा दोन मीटर पंखांचा ग्लायडर नकाशाबरहुकूम तयार झाला तेव्हा 550 ग्रॅमचा होता. दोन वर्षांनी तो 638 ग्रॅम भरला. माणसाचं वजन वाढतं ते समजू शकतं, पण लाकडाच्या विमानाने काय खाल्लं? मी कागद घेऊन हिशेब मांडला आणि ओशाळलो. त्यातला एकेक ग्रॅम मीच भरवला होता.

गुरुत्वमध्यापासून शेपूट 75 सेंटिमीटरवर आणि नाक 25 सेंटिमीटरवर. म्हणजे शेपटीत एक ग्रॅम वाढला की तोल सांभाळायला नाकात तीन ग्रॅम शिसं भरावं लागतं. तराजूचा साधा नियम आहे, शाळेत शिकलेला. पण शेपटीजवळ मोडलेलं धड जोडताना हातात इपॉक्सीची वाटी असते, तेव्हा शाळा आठवत नाही. "थोडं जास्त लावू, परत मोडायला नको" एवढंच डोक्यात असतं. त्या जोडात 6 ग्रॅम गेले, नाकात 18 आले. मग रडर, म्हणजे विमान डावी-उजवीकडे वळवणारी शेपटीची उभी फळी, तुटला. नवा करताना मजबूत हवा म्हणून कडक, जड बाल्सा निवडला. एकाच मापाच्या दोन बाल्सा-फळ्यांच्या वजनात सहज दुपटीचा फरक असतो, आणि मी बरोबर जड फळी उचलली. 8 ग्रॅम शेपटीला, 24 नाकाला. शेवटी, दुरुस्तीचे डाग झाकायला शेपटीवर लाल पट्टे चिकटवले. आकाशात उठून दिसतील असं कारण मी सगळ्यांना सांगत असे. 3 ग्रॅमचे पट्टे आणि 9 ग्रॅम शिसं. नटण्याची किंमत 12 ग्रॅम.

इथपर्यंत झाले 68. उरलेले 20 कुठून आले, ती गोष्ट जास्त लाजिरवाणी आहे.

दुरुस्तीनंतर ग्लायडर सरळ जाईना. सोडला की नाक वर करायचा, वेग हरवून थबकायचा, धपकन नाक खाली टाकायचा, वेग आला की पुन्हा वर. समुद्रातल्या होडीसारखा वरखाली करत जायचा. नाक वर जातंय, म्हणजे नाक हलकं आहे, असं कुणालाही वाटेल. मलाही वाटलं. मी 5 ग्रॅम शिसं घातलं. आता तो डोकं खाली घालून जमिनीकडे निघाला, म्हणून हातातल्या ट्रान्समीटरवरच्या ट्रिमने, म्हणजे बारीक जुळवणीच्या बटणाने, एलिव्हेटर (नाक वर-खाली करणारी शेपटीची आडवी फळी) थोडा वर घेतला. तर वरखाली आणखी वाढली. पुन्हा 5 ग्रॅम, पुन्हा ट्रिम. असं चार वेळा. मध्ये वाऱ्याला शिव्या दिल्या, या फळ्या हलवणाऱ्या सर्व्होला दिल्या, एकदा तर विमानातला रिसीव्हरच बदलला. नाचता येईना, अंगण वाकडं!

मैदानावर एक जुने जाणते काका येतात. ते फार बोलत नाहीत, आणि बोलले की बहुधा ऐकवत नाही. एक दिवस त्यांनी माझा ग्लायडर पंखाखाली दोन बोटं लावून उचलला. तो नाकावर झुकला.

"नाकात शिसं किती आहे रे?"

"शहाण्णव ग्रॅम, काका."

"आणि एलिव्हेटर एवढा वर का?"

"नाहीतर तो खाली जातो."

"जाणारच. आधी तू त्याच्या गळ्यात धोंडा बांधलास, मग मान वर धरून बसलास."

नाक जड असलं की एलिव्हेटर वर धरावा लागतो. तो वर असला की वेग वाढताक्षणी शेपूट जास्त जोराने दाबली जाते आणि नाक उसळतं. उसळलं की आपल्याला वाटतं नाक हलकं आहे. म्हणजे रोगाचं लक्षण बघून आपण रोगच पाजत राहतो. काकांनी तिथल्या तिथे परीक्षा घेतली. ग्लायडर उंचावर नेला, सरळ संथ चालू दिला, मग त्याला साधारण 45 अंशांत खाली झोकून स्टिक सोडून दिली. चांगल्या तोलाचं विमान अशा वेळी हळूहळू, मोठी कमान घेत सरळ होतं. शेपूटजड असेल तर सूर आणखी खोल जातो, मग तिथे हौस न करता लगेच सावरायचं. आमचा ग्लायडर कुणी खालून लाथ मारल्यासारखा ताडकन वर उठला. काकांनी ट्रान्समीटर माझ्या हातात दिला आणि ते आपल्या खुर्चीकडे गेले. निकाल सांगायची गरज नव्हती.

मला थोडा दिलासा मिळाला तो जुन्या काळाकडे बघून. 1804 मध्ये जॉर्ज केली या इंग्रज संशोधकाने छोटा ग्लायडर बनवला, त्याचे पंख म्हणजे काठीवर बसवलेला चक्क कागदी पतंग होता. मागे वळवता येणारी शेपूट होती, आणि तोल जुळवायला एक सरकवता येणारं वजन होतं. म्हणजे माणसांनी विमानात बसायच्या कितीतरी आधी कुणीतरी गवतावर उभं राहून वजन थोडं पुढे, थोडं मागे करत होतंच. त्याच्या शेपटीवर लाल पट्टे होते की नाही, कुठे वाचल्याचं आठवत नाही.

जड ग्लायडर वाईटच उडतो असंही नाही, हे न्यायाने सांगायला हवं. वजन वाढलं तरी तेवढ्याच उंचीवरून तो जवळजवळ तेवढंच अंतर कापतो, फक्त ते लवकर कापतो. म्हणून जोराच्या वाऱ्यात स्पर्धक मुद्दाम वजन चढवतात. मात्र ते गुरुत्वमध्यावर, धडाच्या पोटात, काढता येईल असं. माझं वजन दोन टोकांना होतं, इकडे गोंद आणि तिकडे शिसं, एकमेकांशी रस्सीखेच करणारं.

सगळे दोष विमानात असतात असं म्हणायची मात्र सोय नाही. एकदा ट्रान्समीटरमध्ये नव्याने सेटिंग केलं आणि उडवण्याआधी शिस्तीत रडर हलवून पाहिला. हलला. कुठल्या बाजूला हलला ते पाहिलं नाही. दोरीवरून सुटताच ग्लायडर डावीकडे कलला, मी उजवीकडे वळवला, तो आणखी डावीकडे गेला, मी आणखी उजवीकडे. तीन सेकंदांत गवतात. तेव्हापासून मी विमानाच्या मागे उभा राहतो, तोंड त्याच्या नाकाच्या दिशेला, आणि "डावीकडे, डावीकडे" असं मोठ्याने म्हणत तपासतो. येणारी-जाणारी माणसं हसतात. पूर्वी निदान एक सबब होती. रेडिओत ठरावीक चॅनेलचे क्रिस्टल बसवलेले असायचे, दुसऱ्या कुणी त्याच चॅनेलवर ट्रान्समीटर चालू केला की तुमचं विमान गेलं. आताच्या 2.4 गिगाहर्ट्झच्या रेडिओवर ट्रान्समीटर आणि रिसीव्हर एकमेकांना ओळखतात, त्यामुळे "सिग्नल गेला" म्हटलं की लोक आता नुसती मान हलवतात.

असो. शिसं काढायला लागलो. एकदम नाही; 5 ग्रॅम काढायचे, ट्रिम खाली आणायची, सूर मारून बघायचा, मग पुढचे 5. चार खेपांत ते वीसही ग्रॅम निघाले आणि वरखाली थांबली. मग धीर आला आणि शेपूटच नवी केली, हलक्या फळीची, पट्ट्यांविना. ती जुनीपेक्षा 12 ग्रॅमने हलकी झाली, म्हणजे नाकातले आणखी 36 सुटले.

त्यानंतर जे झालं त्याची मला कल्पना नव्हती. जड नाकाचा ग्लायडर हवेचं काही सांगत नव्हता, नुसता आपल्या वाटेने खाली यायचा. हा मात्र बोलायला लागला. एका दुपारी तापलेल्या मोकळ्या जमिनीवरून जाताना त्याची शेपूट हलकेच उचलली गेली आणि उजव्या पंखाचं टोक कुणी कोपराने ढोसल्यासारखं वर झालं. पंख ज्या बाजूला उचलला जातो, वर जाणारी हवा त्या बाजूला असते. पण विमान नेमकं उलट बाजूला कलतं, आणि आपण ते सरळ करायच्या नादात हवा तिथेच सोडून येतो. मी आजवर कितीदा सोडून आलो असेन! या वेळी उचललेल्या पंखाकडेच वळवला. एक फेरी, दुसरी फेरी. तिसऱ्या फेरीला तो नक्की लहान दिसायला लागला. कुठूनशी एक घार आली, माझ्याच फेरीत शिरली, दोन-तीन वेढे त्याच्यासोबत घेतले आणि पंख न हलवता वर निघून गेली. तिला वजनकाटा लागत नाही.

बारा मिनिटांनी तो एक टिंब झाला, तेव्हा घाबरून मी स्पॉयलर, म्हणजे विमान लवकर खाली आणणाऱ्या पंखावरच्या झडपा, उघडले. एवढ्या लांबवर विमान येतंय की जातंय ते कळत नाही, आणि डोळे एकदा हलले की टिंब पुन्हा सापडत नाही. तो खाली येईपर्यंत मान आखडली होती. काका खुर्चीतून म्हणाले, "अजून पाच ग्रॅम काढ."

काढले. सगळे तुकडे एका डबीत होते. आता नवा पंख बांधायला घेतलाय, आणि टेबलावर पसरलेल्या नकाशाचे चारही कोपरे पंख्याच्या वाऱ्याने उडू नयेत म्हणून त्यावर तेच तुकडे ठेवले आहेत.