तिसरे उमेदवार

परवा दुपारी भाचीला आणायला तिच्या शाळेत गेलो, तेव्हा नववीच्या वर्गात १९६९ची राष्ट्रपतिपदाची निवडणूक रंगली होती. खडूच्या खोक्याची मतपेटी झाली होती आणि फळ्यावर ‘अंतरात्म्याचा आवाज ऐका’ हे इंदिरा गांधींचे आवाहन मोठ्या अक्षरांत लिहिले होते.

व्ही. व्ही. गिरी व्हायला बरेच जण उत्सुक होते, कारण ते निवडून येतात हे सर्वांना ठाऊक होते. काँग्रेसचे अधिकृत उमेदवार असूनही पक्षाच्याच पंतप्रधानांनी साथ सोडलेल्या संजीव रेड्डींच्या भूमिकेत निदान नाट्य तरी होते. चिंतामणराव देशमुख मात्र कोणालाच व्हायचे नव्हते. ते काम अखेर एका अबोल मुलाकडे गेले.

निवडणूक कोणतीही असो, माझे लक्ष उगाचच तिसऱ्या उमेदवाराकडे जाते. मुंबईच्या प्रश्नावर १९५६ मध्ये अर्थमंत्रिपद सोडणारे देशमुख आपल्याकडे आजही सांगितले जातात. स्वतंत्र पक्ष आणि जनसंघाच्या पाठिंब्याने राष्ट्रपतिपदासाठी उभे राहिलेले देशमुख कोणी सांगत नाही. वास्तविक पहिल्या पसंतीची ४,०१,५१५ मते मिळवूनही गिरी विजयासाठी लागणाऱ्या ४,१८,१६९ मतांच्या कोट्यापर्यंत पोहोचले नव्हते, आणि देशमुखांच्या १,१२,७६९ मतांवर दुसरी पसंती कोणाला आहे हे पाहिल्याशिवाय निकाल लागणार नव्हता. त्यांतली बहुतेक रेड्डींकडे वळली, तरी गिरींच्या वाट्याला जी आली त्यांच्या बळावर ते ४,२०,०७७ पर्यंत गेले. म्हणजे कोट्याहून जेमतेम १,९०८ अधिक.

हे सारे जुळून यावे म्हणून बाईंनी प्रत्येकाच्या हाती पसंतिक्रम लिहिलेली चिठ्ठी दिली होती. आमच्या स्नेहसंमेलनातला अफजलखानही असाच ठरल्या वेळी मरायचा, आणि टाळ्या मिळू लागल्या की मरायला मुद्दाम वेळ लावायचा.

तेवढ्यात एका मुलीने उभे राहून विचारले, “बाई, अंतरात्म्याचा आवाज ऐकायचा, की चिठ्ठीत लिहिलंय तसं मत द्यायचं?”

राष्ट्रपतिपदाच्या मतदानाला पक्षादेश लागू होत नाही, हे बाईंनीच थोड्या वेळापूर्वी शिकवले असावे, कारण त्यांना चिठ्ठ्या परत घ्याव्या लागल्या. मतदान नव्याने झाले, मोजणी झाली आणि दुसऱ्या पसंतीवर रेड्डी निवडून आले. बाईंनी ते नाव फळ्यावर लिहिले, त्याखाली रेघ ओढली आणि परीक्षेत मात्र गिरीच लिहायचे, असे सर्वांना बजावले.