फायबर होडीची डागडुजी, भाग दुसरा : जुना रंग उतरवणं

डावी बाजू पूर्ण निघाली. उजवी बाजू नाळेपासून, म्हणजे पुढच्या टोकापासून, मधल्या फळीपर्यंत आली आहे. तळाला अजून हात लावलेला नाही, त्याचं कारण पुढे सांगतो. होडी उलटी करून ट्रकच्या जुन्या टायरांवर ठेवली आहे, वर ताडपत्री आणि खालीही ताडपत्री. खालची ताडपत्री वरच्यापेक्षा महत्त्वाची आहे.

ज्यांनी पहिला भाग वाचला नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात : सोळा फुटी, एका थराची फायबरची होडी, रेवदंड्याच्या खाडीत मासेमारीला वापरलेली. मला तिच्यावर शीड चढवायचं आहे. अशा होड्यांवरचा रंग बघितला की तिची सगळी कुंडली समजते. 1 जून ते 31 जुलै मासेमारी बंद असते, होड्या वर ओढलेल्या असतात, आणि नारळी पौर्णिमेच्या आत ऑइल पेंटचा एक हात मारून होतो. आधीचा रंग खरवडायला कुणाला वेळ असतो? माझ्या होडीवर वरून आकाशी, त्याखाली पोपटी, मग पिवळा, परत आकाशी, मग रेडऑक्साइड आणि सगळ्यात खाली पांढरा जेलकोट, म्हणजे फायबरचा स्वतःचा बाहेरचा गुळगुळीत थर. नाळेजवळ हे सगळं मिळून रुपयाच्या नाण्याएवढं जाड झालं होतं.

शेजारच्या नाखव्यांना हा उद्योगच पटलेला नाही. "एवढा घासून काय सोनं निघणार आहे? मार वरून एक हात!" आणि त्यांचं त्यांच्यापुरतं बरोबरच आहे. परत ऑइल पेंटच मारायचा असेल, तर सुटलेले पोपडे काढून, कडा घासून, वरून रंग मारला की वर्षभराचं काम होतं. मला मात्र बाहेरून इपॉक्सी प्रायमर आणि त्यावर टू-पॅक, म्हणजे दोन डबे मिसळून लावायचं, पॉलियुरेथेन मारायचं आहे. त्याच्या थिनरने खालचा ऑइल पेंट फुगतो, सुरकुततो, आणि वरचा महागाचा रंग घेऊन उठतो. म्हणून माझं आग्रहाचं सांगणं एवढंच की रंग किती काढायचा हे आधी ठरवू नका, वर काय मारणार ते आधी ठरवा. मी आतल्या बाजूला ऑइल पेंटच ठेवणार आहे, त्यामुळे तिथे फक्त सुटलेला रंग काढतोय. निम्मं काम तिथेच वाचलं.

खाली कोणता रंग आहे हे ओळखायला सोपी चाचणी आहे. थिनरमध्ये भिजवलेला कापूस रंगावर ठेवायचा, वरून प्लॅस्टिकचा तुकडा चिकटवायचा आणि दहा मिनिटांनी पुसायचं. रंग मऊ होऊन कापसाला लागला तर ऑइल पेंट. ढिम्म राहिला तर बहुधा टू-पॅक. माझ्या होडीवर सगळीकडे कापूस रंगला, फक्त नाळेच्या उजव्या गालावर एक वीतभर तुकडा ढिम्म राहिला. कुणीतरी गाडीचा रंग मारून खरचटलेलं झाकलेलं दिसतंय. तो पक्का धरून आहे, त्यामुळे नुसता खरबरीत करून ठेवणार आहे.

आता रिमूव्हरबद्दल. हार्डवेअरच्या दुकानात मिळणारा नेहमीचा पेंट रिमूव्हर बहुतेक वेळा मिथिलीन क्लोराइडचा असतो. पाच मिनिटांत रंग फुगून वर येतो, बघायला मजा वाटते. पण जेलकोट म्हणजे शेवटी पॉलिस्टर रेझिनच, आणि ते द्रव्य रंग संपला म्हणून थांबत नाही. जेलकोट चिकट होतो, नखाने दाबला तर खूण उमटते. म्हणून मी तो फक्त लोखंडी कड्या आणि वल्ह्याच्या खुंट्यांसाठी ठेवला आहे, त्या काढून डब्यात बुडवल्या, बाहेर मोकळ्या हवेत. कॉस्टिक सोड्याचंही तसंच. ऑइल पेंट त्याने साबणासारखा सुटतो हे खरं, पण अल्कली पॉलिस्टरलाही खाते. फायबरला चालणारे बेंझिल अल्कोहोलवाले जेल मिळतात. एका बाजूला हातभर जागेत लावून, वरून प्लॅस्टिक झाकून रात्रभर ठेवलं, तर वरचे दोन-तीन थर छान निघाले. संपूर्ण होडीला लागेल तेवढं घ्यायचं म्हणजे होडीच्या किमतीशी स्पर्धा. कोपऱ्या-खाचांसाठी मात्र घ्यावं.

हीट गनने लाकडावरचा रंग झकास निघतो, पण फायबरवर मी ती वापरत नाही. साधं पॉलिस्टर शंभर अंशांच्या आतच मऊ पडायला लागतं आणि गनची हवा त्याच्या कितीतरी पुढे असते. रंग सुटेपर्यंत खालच्या मॅटची, म्हणजे काचतंतूंच्या थराची, पकड सुटली तर ते बाहेरून दिसतही नाही.

तर मग उरतो तो पत्रा, म्हणजे स्क्रेपर. हे सगळं काम त्याच्यावर चाललंय. टंगस्टन कार्बाइडच्या पात्याचा, आपल्याकडे ओढून वापरायचा. मुंबईत नागदेवी स्ट्रीटला हत्यारांच्या दुकानांत मिळून जातो. नवं पातं तसंच लावू नका. त्याचे दोन्ही कोपरे डायमंडच्या पट्टीवर घासून किंचित गोल करा, नाहीतर हात जरा तिरका झाला की कोपऱ्याची रेघ थेट जेलकोटात जाते आणि ती भरायला परत लांबी (पुट्टी) आली. साध्या कानशीने कार्बाइडला काही होत नाही, उलट कानसच गुळगुळीत होते. कार्बाइड नको असेल तर पॉवर हॅक्सॉचं मोडकं पातं ग्राइंडिंगवाल्याकडून सरळ धार करून घ्या. लवकर बोथट होतं, पण स्वस्तात काम भागतं.

हात बसला की डोळ्यांपेक्षा कान जास्त उपयोगी पडतात. रंगावर पातं असतं तोवर भरड खरखर येते आणि रंगाच्या वळलेल्या सोली पडतात, एकाच सोलीत आकाशी, पोपटी, पिवळा असे पट्टे दिसतात. जेलकोटला पातं लागलं की आवाज एकदम बारीक, काचेसारखा होतो, आणि सोलीऐवजी पांढरी पूड पडायला लागते. पांढरी पूड दिसली की तिथे पुढचा हात मारायचा नाही. उन्हात तापलेला ऑइल पेंट जास्त चांगला सोलला जातो, म्हणून खरवडणं दुपारी. घासणं सकाळी, कारण गरम रंग पॉलिश पेपरात चिकटून पेपर तासाभरात वाया जातो.

पिवळ्या थराबद्दल जरा सविस्तर लिहितो. आपल्याकडे घरगुती आणि सजावटीच्या रंगांत शिशाची मर्यादा 90 पीपीएम करणारा नियम 1 नोव्हेंबर 2017 पासून लागू झाला. त्याआधीच्या ऑइल पेंटमध्ये, विशेषतः पिवळ्या, केशरी आणि लाल छटांत, लेड क्रोमेट सर्रास असायचं. माझी होडी त्याआधीची आहे. प्रयोगशाळेत देऊन खात्री करता येते, पण मी शिसं आहे असंच धरून चाललोय. म्हणजे कोरडं घासणं बंद, मशीन सँडर बंद. सोली मोठ्या पडतात, हवेत उडत नाहीत, हा पत्र्याचा आणखी एक फायदा. घासायचं तिथे वॉटर पेपर आणि पाण्याची बाटली. तोंडाला रुमाल बांधून काही होत नाही, किमान एन-95 लागतोच. चहाआधी हात साबणाने धुवायचे, कामाचे कपडे घरच्या कपड्यांत टाकायचे नाहीत, आणि सोली गोळा करून गोणीत बांधून ठेवायच्या. त्या जाळायच्या नाहीत आणि भरतीच्या रेषेखाली तर अजिबात सांडायच्या नाहीत. सिमेंटची एक गोणी जवळपास भरली आहे.

तळ मागे ठेवलाय तो याचसाठी. तिथला तांबूस रंग रेडऑक्साइड समजून मी सुरुवात करणार होतो, तेवढ्यात आधीच्या मालकांनी सांगितलं की एकदा मोठ्या बोटीचा उरलेला तळरंग मारला होता. म्हणजे अँटीफाउलिंग, तळाला शेवाळ-शिंपले धरू नयेत म्हणून मारायचा रंग, त्यात तांब्याचा ऑक्साइड. जुन्या डब्यात ट्रायब्युटिल टिन हे विषारी द्रव्यही असू शकतं, जगभरात त्यावर बंदी 2008 मध्ये लागू झाली. तो भाग पूर्ण ओला ठेवून, वेगळ्या ताडपत्रीवर, वेगळ्या गोणीत जाणार.

पत्र्यानंतर उरलेले ठिपके 120 नंबरने, लाकडी ठोकळ्यावर पेपर गुंडाळून. जेलकोट जेमतेम अर्धा मिलिमीटर असतो आणि कडेला त्याहून कमी. घासायच्या आधी पृष्ठभागावर पेन्सिलीने गिचमिड रेघा मारून ठेवतो. रेघा गेल्या की थांबायचं. त्याहीआधी थिनरच्या फडक्याने पुसून लगेच कोरड्या फडक्याने उचलून घ्यायचं, नाहीतर डिझेल-ग्रीस ओरखड्यांत कायमचं बसतं आणि पुढे प्रायमर माशाच्या डोळ्यांसारखा फाटतो.

रंगाखाली काय काय निघालं त्याची यादी मोठी आहे. डाव्या कडेला कुणीतरी अँगल ग्राइंडर फिरवलाय, चंद्रकोरीसारख्या खाचा थेट मॅटपर्यंत गेल्यात. दोन ठिकाणी एम-सीलचे गोळे, तेही पक्के, छिन्नीने काढावे लागले. दोर बांधायच्या खुंटीभोवती कोळ्याच्या जाळ्यासारखे बारीक तडे आहेत, पण ते फक्त जेलकोटात. तडे उघडून बघितले, खालची मॅट शाबूत आहे.

खरी भानगड मागे आहे, इंजिन टांगायच्या फळीपाशी. सगळीकडे स्क्रूड्रायव्हरच्या प्लॅस्टिकच्या मुठीने ठोकत गेलो. टणक, कोरडा आवाज येत होता, तिथे मात्र बद्द. आतलं प्लायवुड भिजलेलं दिसतंय. जुन्या स्क्रूच्या भोकात तार घालून बाहेर काढली तर टोकाला काळसर ओला भुसा. आता उघडलेल्या जेलकोटवर प्लॅस्टिकचे चौकोन चारही बाजूंनी चिकटवून ठेवले आहेत. उन्हात त्यांच्या आतून दव धरलं तर प्रायमरला थांबायचं. पहिल्या फेरीत मधला भाग कोरडा निघाला, मागच्या दोन चौकोनांत थेंब जमले.

म्हणजे क्रम बदलला. आधी तळाचा रंग ओला ठेवून काढून घेतो, मग मागची फळी आतल्या बाजूने कापून प्लायवुड बदलायचं, नवीन मॅट आणि इपॉक्सी. हे सगळं होळीच्या आत झालं तर प्रायमरला कोरडी हवा मिळेल. मेमध्ये हवेतला दमटपणा वाढला की मी इपॉक्सीचा डबा उघडणार नाही.