चालत्या पिकअपला फोर बाय फोर लावताना: माझा अनुभव

देवगड तालुक्यात पडेलच्या बाजूला, सड्याखालच्या (कातळाच्या पठाराखालच्या) उतारावर आमची हापूसची कलमे आहेत. पावसाच्या सुरुवातीला त्यांना शेणखत घालायचे असते, त्यामुळे वाट सर्वांत निसरडी झालेली असते नेमक्या त्याच दिवसांत पिकअप बागेत न्यावा लागतो. डांबरी रस्ता सोडला की आधी जांभ्याचा मोकळा कातळ लागतो आणि मग तांबड्या मातीची वाट गडग्यापर्यंत (दगडी कुंपणापर्यंत) खाली उतरते. जाताना खताच्या वजनाने मागची चाके जमीन धरून राहतात, परंतु परतीला हौदा रिकामा असतो, मागचा भाग हलका होतो आणि केवळ मागच्या दोन चाकांच्या जोरावर तो ओला चढ चढणे अवघड होते.

आमच्या गाडीत यासाठी फोर बाय फोर, म्हणजे चारही चाकांना इंजिनाची ताकद देण्याची सोय आहे आणि ती लावायला गिअरजवळ एक गोल बटण आहे: नेहमीच्या चालीसाठी टू-हाय, चारही चाकांसाठी फोर-हाय आणि अतिशय कठीण जागेसाठी फोर-लो. टू-हायमधून फोर-हायमध्ये गाडी चालती असतानाच जाता येते. त्यासाठी वेगाची मर्यादा प्रत्येक गाडीची वेगळी असून ती पुस्तिकेत दिलेली असते. मी मात्र त्या मर्यादेच्या जवळपासही न जाता ताशी ३० ते ४० किलोमीटरवर, कातळाच्या सरळ पट्ट्यातच बटण फिरवतो. स्टिअरिंग सरळ ठेवायचे, अ‍ॅक्सिलरेटरवरचा पाय क्षणभर सैल करायचा आणि बटण फिरवायचे. क्लच दाबण्याची गरज आमच्या गाडीत पडत नाही. समोरचा दिवा प्रथम लुकलुकतो आणि पुढचा अ‍ॅक्सल (पुढच्या चाकांचा आस) पूर्ण जोडला गेल्यावर स्थिर होतो. दिवा स्थिर होण्यापूर्वी चिखलात शिरायचे नाही, हा नियम मी कटाक्षाने पाळतो.

सरळ रेषेचा हा आग्रह कशासाठी, ते गाडीखाली वाकून पाहिल्यावर मला नीट समजले. टू-हायमध्ये इंजिनाची ताकद केवळ मागच्या अ‍ॅक्सलकडे जाते. बटण फिरवले की ट्रान्सफर केस, म्हणजे ताकद पुढे-मागे वाटणारी गिअरची पेटी, पुढच्या अ‍ॅक्सलकडे जाणारा शाफ्ट (फिरता दांडा) मागच्या शाफ्टशी घट्ट जोडते, आणि त्या दोघांचा वेग सारखा असेल तरच ही जोडणी अलगद होते. मागचे चाक जागच्या जागी गरगरत असताना बटण फिरवले, तर वेगातील फरकामुळे दाते एकमेकांवर आपटतात. कुडाळच्या आमच्या मेस्त्रींनी हे एका वाक्यात सांगितले होते: "चाक जाग्यार फिराक लागला की मगे घालू नको, आदीच घाल." इतका नेमका सल्ला मला दुसऱ्या कोणाकडून मिळालेला नाही.

फोर-लोची गोष्ट वेगळी आहे. त्यासाठी गाडी पूर्ण थांबवून, न्यूट्रलमध्ये घेऊन, क्लच दाबूनच बटण फिरवावे लागते. अशा पिकअपमध्ये त्याने चाकांपर्यंत पोहोचणारा जोर साधारण अडीच पट होतो, पण वेगही त्याच प्रमाणात घटतो. खूप खोल चाकोरी पडली असेल तरच मी ते वापरतो.

डांबरी रस्त्याला लागण्यापूर्वी फोर-हाय काढणे हे लावण्याइतकेच महत्त्वाचे आहे. वळणावर पुढची चाके मागच्या चाकांपेक्षा जास्त अंतर कापतात. चिखलात चाके थोडी घसरून तो फरक भरून काढतात. कोरड्या डांबरावर त्यांना घसरता येत नाही, मग सगळा ताण शाफ्ट आणि गिअरवर साठत जातो, स्टिअरिंग जड होते आणि गाडी अडखळत वळते. काही वेळा याच ताणामुळे बटण टू-हायवर नेऊनही दिवा विझत नाही. अशा वेळी मी थांबून, मागे कोणी नाही हे पाहून, सरळ रेषेत काही फूट मागे येतो. ताण सुटतो आणि दिवा जातो. एकाच गाडीला कमी-जास्त झिजलेले किंवा वेगळ्या मापाचे टायर असले तरी हाच ताण निर्माण होतो, म्हणून पंक्चरनंतर चढवलेल्या स्टेपनीचे मापही मी तपासून घेतो.

आमच्याकडे अनेकांचा असा समज आहे की फोर बाय फोर लावले की गाडी लवकर थांबते. ब्रेक तर टू-हायमध्येही चारही चाकांना लागतात. उतारावर फोर-हायचा खरा लाभ असा, की खालच्या गिअरमध्ये इंजिनाचा रोध चारही चाकांत वाटला जातो आणि मागची चाके घसरण्याची शक्यता कमी होते. तरीही ओल्या मातीवर थांबायला लागणारे अंतर कमी होत नाही, तेव्हा वेग आधीच उतरवावा लागतो.

पाऊस सरल्यावर बटण महिनोन्‌महिने टू-हायवरच राहिले, तर पुढच्या भागांना तेल पोहोचत नाही. म्हणून हिवाळ्यातही महिन्यातून एकदा, कलमांना मोहर आला का ते पाहायला जाताना, मातीच्या वाटेवर काही किलोमीटर मी गाडी फोर-हायमध्येच चालवतो.