आमची वाटचाल : भुसार ते ऑरगॅनिक, मुक्काम पार्ला पूर्व

गेल्या महिन्यात पुतणीच्या ऑफिसातला एक मुलगा दुकानात आला. चेंबूरला ऑरगॅनिक किराण्याचं मोठं, पॉश दुकान टाकायचंय, एसी, लाकडी रॅक, एका कोपऱ्यात कॉफी, जागासुद्धा बघून ठेवलीय, काका फक्त एवढंच सांगा की चालेल का. मी त्याला चहा पाजला, दोन तास बोललो तरी अर्धंच सांगून झालं. तो गेल्यावर बायको म्हणाली, हे सगळं एकदा लिहूनच काढा. म्हणून लिहितोय.

आमचं दुकान पार्ल्याचं, पूर्वेचं. बाबांनी १९७८ साली पागडीवर घेतलं, म्हणजे एकदाच मोठी रक्कम द्यायची आणि पुढे नाममात्र भाडं. हे पागडीचं आधी सांगतोय कारण पुढचं सगळं त्याच्यावर उभं आहे, आजच्या भाड्यात मी असतो तर २०१८ मध्येच शटर ओढलं असतं. साधं भुसार मालाचं दुकान, तांदूळ, गहू, डाळी, गूळ, पत्र्याचे डबे, तागडी, उधारीची वही.

बाबांकडे एक लोखंडी नळी होती, पोत्यात खुपसून नमुना काढायची, टोकाला निमुळती, लाकडी मूठ बसवलेली. मूठ तीनदा बदलली, नळी तीच आहे, आजही गल्ल्याच्या बाजूला खिळ्याला टांगलेली. बाबा पोत्याचं तोंड उघडून माल कधीच बघायचे नाहीत. वरचा माल सगळेच चांगला ठेवतात म्हणायचे. नळी बुडाशी घालायची, शिवणीजवळून तिरकी, आलेला दाणा तळहातावर घेऊन फुंकर मारायची, वास घ्यायचा आणि एक दाणा दाताखाली धरायचा. कट्कन तुटला तर सुका, नुसता दबला तर परत. आता माझ्याकडे ओलावा मोजायचं मशीन आहे, चांगलं आहे, पण मशीनला वास येत नाही. ज्याला ह्या धंद्यात यायचंय त्याने पहिली खरेदी ही नळीची करावी, बिलिंगचं सॉफ्टवेअर नंतर बघता येतं.

ऑरगॅनिककडे मी वळलो ते २०१२ ला, आणि ते काही विचारपूर्वक नाही. कामशेतच्या पुढे मावळात आमचे एक दादा आहेत, तीन एकर भातशेती, इंद्रायणी लावतात. लग्नाला गेलो होतो, पंगतीत भात वाढला आणि मी विचारलं हा कुठला. इंद्रायणी आम्ही वर्षानुवर्षं विकत होतो, वडगाव मावळच्या संशोधन केंद्रातूनच हे वाण निघालं हेही माहीत होतं, पण असा वास आमच्या पोत्याला कधी आला नव्हता. दादा म्हणाले युरिया बंद करून चार वर्षं झाली, शेणखत आणि गिरिपुष्पाचा पाला, बास. मी दहा पोती तिथेच बोललो, कागद नाही, ॲडव्हान्स नाही, नुसता शब्द. ती दहा पोती संक्रांतीपर्यंत संपली. मग दादांनीच ओळखी करून दिल्या, कोल्हापूरकडचा बिनहायड्रोचा, म्हणजे रंग उजळायची पावडर न घातलेला गूळ, सोलापूरची करडई, एकेक करत अर्धं दुकान तसं झालं. दादांना मी भागीदारच मानायचो, वहीत नाव नसलं तरी.

आता चूक सांगतो, माझीच आहे.

२०१६ च्या पाडव्याला मी दुकान काचेचं केलं. पुण्यात, बांद्र्यात अशी दुकानं बघितली होती, वाटलं आपला माल त्यांच्यापेक्षा चांगला आहे तर दुकान का नको. बँकेचं लोन काढलं, एसी, पिवळे दिवे, वेताच्या टोपल्या, सगळा माल अर्ध्या किलोच्या पॅकेटात, पत्र्याचे डबे भंगारात. बाबा तेव्हा होते, दारात खुर्ची टाकून बसायचे, त्यांनी काही बोलून दाखवलं नाही, फक्त नळी घरी घेऊन गेले.

पार्ल्यात पैसा नाही असं कोणी म्हणू नये. पण इथलं गिऱ्हाईक हात लावून घेणारं आहे, तांदूळ मुठीत घेऊन घासतं, डाळ चावून बघतं, भाव विचारून पुढच्या दुकानातही विचारून येतं. काचेचा दरवाजा लागला आणि तीस वर्षांपासूनची गिऱ्हाइकं बाहेरूनच बघून जायला लागली. एका काकूंनी मला भाजीवाल्याकडे गाठून विचारलं, तुमच्याकडे आता सुटी पावशेर डाळ मिळत नसेल ना? मिळत नव्हती. जे नवीन लोक गाडीतून यायचे ते किन्वा आणि मध घ्यायचे, महिन्यातून एकदा, आणि दुकान महिन्याच्या तीसही दिवस चालवावं लागतं. त्यात नोव्हेंबरात नोटाबंदी आली. आणि हिरव्या भाजीचा मी जो हट्ट धरला होता त्यात रोजची पाव टोपली फेकण्यात जायची. हिरवी भाजी दुसऱ्याच दिवशी मान टाकते हे कोणी सांगत नाही. म्हणून नवीन माणसाने पहिली दोन वर्षं भाजीच्या वाटेला जाऊ नये, कोरडा माल धरावा.

तरी हप्ते जात होते. मोडलो ते २०१७ ला.

२९ ऑगस्टचा पाऊस मुंबईत कोणी विसरलेलं नाही, गणपतीचे दिवस होते, गाड्या बंद. आमचं गोडाऊन दुकानामागे. पाणी आत शिरलं नाही, म्हणून मी निर्धास्त होतो. पण मागची भिंत ओल धरून बसली होती आणि भिंतीला टेकून इंद्रायणीची ३२ पोती होती, ५० किलोची, थप्पी लावलेली. नळी घरी होती ना, मी वरच्या दोन पोत्यांची तोंडं उघडून बघितली, चांगली वाटली, सोडून दिलं.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो, सोंड्याची मादी तांदळाच्या दाण्याला भोक पाडून आत अंडं घालते आणि वरून बुजवून टाकते. अळी आतच वाढते. बाहेरून दाणा स्वच्छ. ऊब आणि दमट हवा असली की साधारण महिन्याभरात किडा दाणा पोखरून बाहेर येतो. साध्या गोडाऊनमध्ये ॲल्युमिनियम फॉस्फाइडच्या गोळ्या ठेवून धुरी देतात, विषय संपतो. ऑरगॅनिक मालाला ती चालत नाही. आमच्याकडे कडुनिंबाचा पाला, ऊन, आणि चाळण एवढंच.

म्हणजे ऑगस्टात ओल आली आणि ऑक्टोबरात, ऐन दिवाळीच्या तोंडावर, पॅकेटातून सोंडे चालायला लागले. पारदर्शक पॅकेट, पिवळ्या दिव्याखाली. कोणीतरी फोटो काढून सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकला, खाली लिहिलं, ऑरगॅनिकच्या नावाखाली किडके तांदूळ, डबल भाव. दोन दिवसांत तो फोटो मला माझ्या बहिणीने दहिसरहून पाठवला.

आणि त्याच दसऱ्याला समोरच्या फुटपाथला मोठं ऑरगॅनिक स्टोअर उघडलं होतं. नाव घेत नाही. बाहेरचा पैसा, आमच्या चौपट जागा, पहिल्या महिन्यात पंचवीस टक्के सूट. स्पर्धेचं मला दुःख नाही, बाबांच्या काळात ह्याच गल्लीत तीन भुसारी होते आणि सुट्टे पैसे एकमेकांकडून न्यायचे. दुःख ह्याचं की त्यांच्या काउंटरवरची मुलगी माझ्याच गिऱ्हाइकांना तो फोटो दाखवत होती, हे मला एकाने नाही, सहा जणांनी सांगितलं. आणि ह्याहून मोठं म्हणजे नोव्हेंबरात त्यांची गाडी कामशेतला गेली. दादांना ॲडव्हान्स दिला, किलोला माझ्यापेक्षा बारा रुपये जास्त. दादांनी माल दिला. मला फोन केला नाही, मला ते ड्रायव्हरकडून कळलं.

दादांच्या मुलीचं कॉलेज होतं, बोअर आटली होती, माझे मागचे पैसे मी त्यांना तीन हप्त्यांत देत होतो. सगळं समजतं मला. तरी त्या फोनचं मी अजून मनातून काढलेलं नाही.

मी ती ३२ पोती काढायला घेतली होती, कोंबडीखाद्यवाल्याला किलोला नऊ रुपयांनी. त्याच दिवशी दुपारी बाई आल्या. पार्ल्यातल्या शाळेत पस्तीस वर्षं शिकवून रिटायर झालेल्या, आम्ही त्यांना बाईच म्हणतो, मी स्वतः त्यांच्या हातचा मार खाल्लेला. हातात पिशवी, पिशवीत घरचं सूप. म्हणाल्या, दहा किलो दे, त्यातलाच दे, आणि पूर्ण भावाने दे. मी नाही म्हणालो. त्यांनी ऐकलं नाही, दाराला स्टूल लावून तो काचेचा दरवाजा उघडा ठेवायला लावला, पायरीवर वर्तमानपत्र पसरलं आणि सूप घेऊन पाखडायला बसल्या. त्या वेळी त्या ७४ वर्षांच्या. रस्त्याने जाणारी निम्मी माणसं त्यांची विद्यार्थी. जो थांबेल त्याला सांगत होत्या, अरे किडा पडला म्हणजे त्याला खाता आलं, तुझ्या घरच्या तांदळाला वर्षभर काही होत नाही ते का ते विचार. पाखडायचा, उन्हात नाही सावलीत पसरायचा, बिब्बा टाकून ठेवायचा, तुझी आजी करत नव्हती का?

आता बाईंचं सगळंच बरोबर होतं असं मी म्हणणार नाही. किडा पडला म्हणजे माल ऑरगॅनिक हा काही पुरावा नाही, औषध मारलेल्या मालालाही ओलीत किडा लागतो, आणि किडा लागू देणं ही दुकानदाराची चूकच आहे. हे मी तेव्हाही त्यांच्या शेजारी उभं राहून लोकांना सांगितलं. ज्याच्याकडे किडका गेला त्याला पैसे परत किंवा माल बदलून, पावती नसली तरी. अठरा पोती चाळून, पाखडून, निम्म्या भावाने सांगूनसवरून विकली, चौदा गेली. बाई पाच दिवस रोज चार ते सहा येऊन बसल्या.

सहाव्या दिवशी मी दरवाजा काढून ठेवला. एसी विकला. बाबांनी नळी आणून खिळ्याला लावली. पत्र्याचे डबे परत घेतले, सुटा माल सुरू, पावशेरसुद्धा. त्याचा फायदा पुढे असाही झाला की १८ जुलै २०२२ पासून २५ किलोपर्यंतच्या पॅकबंद, लेबल लावलेल्या धान्यावर पाच टक्के जीएसटी आला, सुट्याला नाही.

मग कागदांच्या मागे लागलो. अन्नसुरक्षावाल्यांचे, म्हणजे एफएसएसएआयचे, ऑरगॅनिकचे नियम २०१७ चे आहेत, लागू झाले १ जुलै २०१८ ला. छोटा शेतकरी स्वतः थेट गिऱ्हाइकाला विकतो त्याला सूट आहे, मधे आमच्यासारखा दुकानदार आला की ऑरगॅनिक म्हणायला सर्टिफिकेट पाहिजे, एकतर एनपीओपी नाहीतर पीजीएस. एनपीओपीमध्ये बाहेरची मान्यताप्राप्त संस्था शेत तपासून सर्टिफिकेट देते. पीजीएसमध्ये शेतकऱ्यांचा गटच एकमेकांची शेतं तपासतो, आणि त्यातही दोन लोगो असतात, शेत अजून बदलाच्या काळात असेल तर पीजीएस ग्रीन आणि पूर्ण झालं की पीजीएस ऑरगॅनिक. ग्रीनवाला माल मी वेगळ्या डब्यात ठेवतो, भाव कमी, पाटी लावून. गिऱ्हाईक ते समजून घेतं. आणि सर्टिफिकेट असलं तरी वर्षातून दोनदा तरी स्वतःच्या पैशाने लॅबमध्ये नमुना पाठवावा, बुडाचा. रिपोर्ट दुकानात लावावा. शुगर जाते, गुडघे बरे होतात असलं काही पाटीवर लिहू नये, आपण तांदूळ विकतो.

समोरचं स्टोअर २०१९ च्या मे महिन्यात बंद झालं. भाडं परवडलं नाही म्हणतात. दादांचा दुसऱ्या वर्षीचा अर्धा माल त्यांनी दाणा तुटका आहे सांगून परत पाठवला होता, पैसे अडकले ते अडकलेच. दादा त्या जूनमध्ये दुकानात आले, बसले, पाणी प्यायले. मी भाव विचारला, त्यांनी सांगितला, मी हो म्हणालो. ॲडव्हान्स आता मी देतो, अर्धे पैसे आवणीच्या, म्हणजे भातलावणीच्या वेळी, कारण शेतकऱ्याला पैसा लागतो तेव्हा आणि आपण देतो विकल्यावर, ह्या धंद्यातलं निम्मं भांडण तिथे आहे. पण पंगतीत शेजारी बसायचो तसं आता होत नाही.

पुढची वर्षं ठीक गेली. लॉकडाऊनमध्ये सगळ्याच किराणावाल्यांचं चाललं, आमचंही. लोन २०२१ ला फिटलं. बाबा त्याच्या आदल्या वर्षी गेले.

त्या मुलाला मी काय सांगितलं? तर, चालेल, पण चेंबूरमध्ये तुझ्या दुकानापासून चालत दहा मिनिटांत राहणाऱ्या दोनशे घरांचा महिन्याचा तांदूळ, डाळ, तेल तुझ्याकडून गेलं पाहिजे, गाडीतून येणाऱ्यांवर हिशोब मांडू नकोस. दुकान स्वच्छ ठेव, सुंदर ठेव, भाव मालाला शोभेल तो लाव, लाजू नकोस, चांगल्या मालाला पार्ल्यातला माणूस पैसे मोजतो हे मी बघितलंय. लाकडी घाण्याचं शेंगदाणा तेल महाग का तर लिटरला अडीच किलोच्या आसपास दाणे जातात, हे एकदा समोर घाणा दाखवून सांगितलं की पुन्हा कोणी घासाघीस करत नाही. पण हात लावू दे. कॉफीच्या कोपऱ्याच्या जागी एक बाक टाक. लीजमध्ये तीन वर्षांचं लॉक-इन असेल, म्हणजे तोवर जागा सोडता येत नसेल, तर सही करू नकोस. आणि गोडाऊनची भिंत पावसाळ्यात बघ, मे महिन्यात दाखवतील ती नको. तो सगळं मोबाइलवर टाइप करत होता. जाताना नळीचा फोटो काढून घेऊन गेला.

बाई आता ८० च्या पुढे आहेत, जिना उतरत नाहीत, त्यांचं सामान मी स्वतः पोचवतो, पाखडून. सूप त्यांनी दुकानातच ठेवलंय.

ह्या वर्षीचा इंद्रायणी मागच्या आठवड्यात आला, पोतं न् पोतं बुडातून बघून घेतलंय. नवा आहे, भात चिकट होणार, पाणी जरा कमी घाला. ज्यांना मोकळा भात लागतो त्यांच्यासाठी जुना शंभर किलोच्या आत शिल्लक आहे, दुपारी एक ते चार दुकान बंद असतं.