चेंडूवाचूनची शहाऐंशी मिनिटे

महाविद्यालयाच्या महोत्सवी स्मरणिकेसाठी लिहायचे ठरले, तेव्हा १९९०-९१ सालच्या आमच्या फुटबॉल संघाखेरीज दुसरा विषय माझ्या मनात आला नाही. परभणीत त्या काळी मुलांचा ओढा क्रिकेट, कबड्डी आणि व्हॉलीबॉलकडे असे. आमच्या संघातले निम्म्याहून अधिक जण जिंतूर, पाथरी, गंगाखेडकडच्या खेड्यांतून आलेले होते आणि वसतिगृहात दाखल होईपर्यंत त्यांनी फुटबॉलला पाय लावलेला नव्हता. त्यांच्यातून संघ उभा केला तो आमच्या शारीरिक शिक्षण संचालकांनी. आम्हा सर्वांचे ते ‘सर’.

सरांचे बालपण हैदराबादेत गेले होते. १९५६ पर्यंत मराठवाडा हैदराबाद राज्यातच असल्यामुळे इथल्या कितीतरी घरांचे शिक्षणासाठी आणि नोकरीसाठी तिकडे जाणे-येणे असे. १९५० ते १९५४ अशी सलग पाच वर्षे मुंबईचा रोव्हर्स करंडक जिंकणारा हैदराबाद सिटी पोलीस संघ हे सरांच्या शाळकरी वयातले वेड होते, आणि त्या संघाचे प्रशिक्षक सय्यद अब्दुल रहीम हे त्यांचे दैवत. रहीमसाहेबांच्या मार्गदर्शनाखाली भारत १९५६ च्या मेलबर्न ऑलिम्पिकमध्ये चौथा आला आणि १९६२ साली जकार्ता येथील आशियाई स्पर्धेत त्याने सुवर्णपदक मिळवले, हे सर ज्या अभिमानाने सांगत, तो अभिमान हळूहळू आमचाही झाला. चेंडू घोळवायला मनाई असलेले सामने रहीमसाहेब भरवीत. सरांनी तीच रीत आमच्या सरावाला लावली: चेंडूला दोनच स्पर्श करायचे, तिसरा झाला की चेंडू समोरच्यांचा.

पहिल्या दिवशी मात्र सरांनी आम्हाला मैदानावर न नेता वर्गात बसवले आणि फळ्यावर गणित मांडले. सामना ९० मिनिटांचा आणि खेळाडू २२. चेंडू क्षणभरही न थांबता फिरला आणि सर्वांना सारखा मिळाला, तरी एकाच्या वाट्याला जेमतेम चार मिनिटे येतात. मग उरलेली शहाऐंशी मिनिटे तुम्ही काय करणार, असे त्यांनी विचारले. तो सगळा हंगाम म्हणजे या प्रश्नाचे उत्तर शोधणे होते, असे मला आजही वाटते.

आमचे मैदान काळ्या जमिनीचे. पाऊस लागला की बुटांना चिखलाचे थर चढत आणि चेंडू जागीच रुतून बसे. जमिनीला वाफसा येईपर्यंत सर चेंडू बाहेरच काढत नसत. तोवर कडेच्या मुरमाड पट्टीवर, कोणी पुढे गेला तर त्याची जागा कोणी भरायची, एवढाच सराव चाले. ऑक्टोबरात त्याच जमिनीला भेगा पडत. त्या आम्ही घमेल्यांनी मुरूम टाकून बुजवल्या, वर पाणी मारले आणि फक्कीने रेषा आखल्या.

त्याच उन्हाळ्यात इटलीतल्या विश्वचषकाच्या पहिल्या सामन्यात कॅमेरूनने गतविजेत्या अर्जेंटिनाला १-० असे हरवले होते. त्यांचा एक खेळाडू आधीच बाहेर काढला गेला होता आणि गोल त्यानंतर झाला. सर या सामन्याचा दाखला वारंवार देत, कारण दहा जणांना अकरांचे मैदान व्यापता येते याचा याहून मोठा पुरावा त्यांना नको होता.

नांदेडचे विद्यापीठ १९९४ साली झाले. त्याआधी देगलूरपासून वैजापूरपर्यंतची महाविद्यालये मराठवाडा विद्यापीठाच्या एकाच स्पर्धेत उतरत, त्यामुळे तिला मोठी चुरस असे. विभागातले सामने आम्ही फारसे न अडखळता जिंकले आणि मीटरगेजच्या गाडीने सेलू, परतूर, जालना करीत तेव्हाच्या औरंगाबादला पोहोचलो.

उपांत्य सामना मला सर्वांत जवळचा वाटतो. ऑफसाइडचा नियम त्याच वर्षी बदलला होता. शेवटून दुसऱ्या प्रतिस्पर्ध्याच्या समरेषेत असलेला खेळाडू पूर्वी ऑफसाइड ठरे, तो आता ठरत नव्हता. सरांनी हा बदल वाचून आमच्या दोन्ही फॉरवर्डना त्या रेषेवर उभे राहून पळ काढायला शिकवले होते. उत्तरार्धात आमच्या लेफ्ट बॅकने चेंडू नसताना थेट कोपऱ्यापर्यंत धाव घेतली, त्याला अडवायला त्यांचा एक बचावपटू ओढला गेला आणि मधल्या मोकळ्या वाटेने आमच्या सेंटर फॉरवर्डने गोल केला. लाइन्समनचा झेंडा वर गेला होता. पंचांनी त्यांच्याशी बोलून गोल मान्य केला. आम्ही १-० ने जिंकलो.

अंतिम सामन्यात आमचा २-० असा पराभव झाला. समोरचा संघ आमच्याहून निश्चितच सरस होता. त्यांचे पास अचूक होते आणि दमही अधिक होता. त्या संध्याकाळी विद्यापीठ संघाच्या निवडीची यादी लागली आणि तीत आमच्यातल्या एकाचेच नाव होते. हंगामात एकही गोल न केलेला आमचा लेफ्ट बॅक पश्चिम विभागीय आंतरविद्यापीठ स्पर्धेसाठी निवडला गेला होता. सरांनी यादी वाचली, त्याला जवळ बोलावले आणि आपल्या पिशवीतले नवे बूट त्याच्या हातात दिले.